स्टन हाताशी असूनही एकटा वॉरियर मरतो तेव्हा

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ या ऑनलाइन खेळात वॉरियर, म्हणजे हातघाईचा लढवय्या, घेऊन एकट्याने खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते आणि वर्षभर ती माझीही होती. दोन शत्रू एकदम अंगावर येतात, मी त्यांतल्या एकाला स्टन देतो, म्हणजे काही सेकंद जागीच बधिर करतो, झुंज बरी चाललेली असते आणि शेवटी मीच मरतो. मेल्यावर पडद्याच्या तळाशी पाहावे, तर स्टनच्या चौकोनावर कूलडाउनचे, म्हणजे तो पुन्हा वापरता येईपर्यंतचे, वीस-बावीस सेकंद अजून शिल्लक दिसतात. पातळी वाढली, तलवार बदलली, ढाल बदलली, तरी स्मशानापासून स्वतःच्या प्रेतापर्यंतची ती भुताची धाव काही सुटली नाही. हे कौशल्यच दुबळे आहे अशी माझी बरेच दिवस समजूत होती आणि ती समजूत दूर व्हायला एक पावसाळा जावा लागला.

खालचे सर्व आकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या क्लासिक आवृत्तीचे आहेत. आजच्या मुख्य आवृत्तीत वॉरियरचे स्टन निराळे आहेत, त्यामुळे तिथे हे हिशेब जसेच्या तसे लागू होणार नाहीत. मी ज्या स्टनबद्दल मुख्यतः बोलणार आहे तो म्हणजे प्रोटेक्शन या बचावाच्या कौशल्यशाखेतील ‘कन्कशन ब्लो’. त्याला १५ रेज (झुंजीत साठणारा आणि कौशल्यांवर खर्च होणारा वॉरियरचा संताप) लागते, तो शत्रूला ५ सेकंद जागच्या जागी खिळवतो आणि नंतर ४५ सेकंद मिळत नाही. त्याने शत्रूला इजा मात्र काडीचीही होत नाही. एकट्याने पातळी वाढवणारे बहुतेक वॉरियर आर्म्स या शस्त्रांच्या शाखेत पातळीबरोबर मिळणारे गुण टाकतात आणि दोन हातांचे शस्त्र घेतात. मी हट्टाने ढाल धरली, आणि हा हट्ट सोडण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये, तो मला पुष्कळांनी देऊन झाला आहे.

गेल्या पावसाळ्यात, लोकल रखडल्यामुळे माझा मामेभाऊ परळला न जाता भांडुपला आमच्याकडेच मुक्कामाला राहिला होता. रात्री अकराच्या सुमारास मी स्ट्रँगलथॉर्नच्या जंगलात ट्रोलांच्या तळाशी झुंजत होतो. समोर एक कुऱ्हाडवाला होता आणि त्याच्यामागे एक मांत्रिक. मी चार्ज केला, म्हणजे दुरून धाव घेऊन झुंज सुरू केली, रेज जमताच कुऱ्हाडवाल्याला कन्कशन ब्लो दिला, तो अर्ध्यावर आला आणि तेवढ्यात मांत्रिकाने त्याला मंत्र टाकून पुन्हा टवटवीत केले. मी मेलो. मामेभाऊ खांद्यावरून पाहत होता. तो म्हणाला, “दादा, स्टन तू दिलास ते ठीक आहे, पण त्या पाच सेकंदांत तू केलंस काय?” मला उत्तर देता आले नाही, कारण त्या पाच सेकंदांत मी तेच केले होते जे त्याच्या आधीच्या पाच सेकंदांत करत होतो.

त्यानंतर आठवडाभर मी प्रत्येक मरणाची नोंद वहीत केली. कोणत्या सेकंदाला स्टन दिला, त्या वेळी शत्रू काय करत होता आणि नंतर स्टनची खरी गरज कधी पडली, एवढ्या तीनच गोष्टी लिहिल्या. ज्यांना ही अडचण वारंवार येते त्यांनी दुसरे काहीही बदलण्याआधी हे करून पाहावे. माझ्या वहीत निम्म्याहून अधिक नोंदींमध्ये स्टन झुंजीच्या पहिल्या आठ-दहा सेकंदांत, म्हणजे १५ रेज जमल्याबरोबर, गेलेला निघाला. त्याचे कारण डावपेच नव्हते. ती कळ तीनच्या आकड्यावर होती, बोट तिथे टेकलेले असे आणि चौकोन उजळला की ते आपोआप दाबत असे.

सुरुवातीलाच स्टन देण्याने नेमके काय बिघडते, हे थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण वरवर पाहता त्यात तोटा दिसत नाही. शत्रू पाच सेकंद मारत नाही, म्हणजे तेवढा मार वाचला असे वाटते. पण वॉरियरची रेज दोन वाटांनी येते, आपण मारलेल्या घावांतून आणि आपल्याला बसलेल्या घावांतून. ढालवाल्याच्या हातात एक हाताचे, तुलनेने हलके शस्त्र असल्यामुळे त्याची पहिली वाट आधीच अरुंद असते. एकच शत्रू समोर असताना त्याला स्टन दिला की दुसरी वाटही पाच सेकंदांपुरती बंद होते. म्हणजे १५ रेज खर्च करून आपण पुढची रेज येण्याचा रस्ता स्वतःच अडवतो आणि स्टन उतरतो तेव्हा आपल्याजवळ पुढच्या कौशल्यापुरतेही काही नसते. झुंजीच्या आरंभी आपला जीव पूर्ण भरलेला असतो. त्या वेळी चार घाव खाणे परवडते, किंबहुना वॉरियरच्या बाबतीत ते घाव म्हणजे भांडवल असते. हाच मार जीव एक तृतीयांशावर आल्यावर परवडत नाही आणि स्टन नेमका तेव्हा हाताशी नसतो.

लालबाग-परळच्या मैदानांवर ज्यांनी कबड्डी पाहिली आहे त्यांना ही चूक ओळखीची वाटेल. चढाईपटू आत शिरल्याबरोबर जो कोपरारक्षक झेप टाकतो तो हमखास बाद होतो. मुरलेला रक्षक चढाईपटूने वळण्यासाठी पाय उचलेपर्यंत जागचा हलत नाही.

मग स्टन कशासाठी राखायचा? माझ्या अनुभवात त्याचे सर्वांत मोलाचे काम मंत्र टाकणाऱ्या शत्रूसमोर आहे, पण तिथेही एक गफलत नेहमी होते. स्टनने चालू मंत्र तुटतो हे खरे असले तरी शत्रूची मंत्र टाकण्याची क्षमता त्याने बंद होत नाही. पाच सेकंद संपले की तो पुन्हा तोच मंत्र पहिल्यापासून सुरू करतो. ‘शील्ड बॅश’ची गोष्ट वेगळी आहे. ढालीचा हा धक्का ऐन मंत्राच्या मध्ये बसला तर त्या प्रकारचे मंत्र ६ सेकंद टाकताच येत नाहीत, तो १० रेजमध्ये होतो आणि १२ सेकंदांनी पुन्हा मिळतो. (‘पमेल’ हे मंत्र तोडणारे बिनढालीचे कौशल्य ३८ व्या पातळीला येते, त्याचा बंद ४ सेकंदांचा असतो आणि त्यासाठी बर्सर्कर स्टान्स, म्हणजे लढण्याचा तो पवित्रा, घ्यावा लागतो.) तेव्हा पहिला मंत्र तोडायला नेहमी शील्ड बॅश वापरावा. शत्रूचा सहा सेकंदांचा बंद संपतो तेव्हा आपला शील्ड बॅश परत यायला अजून सहा सेकंद असतात आणि नेमक्या या फटीत तो दुसरा मंत्र सुरू करतो. कन्कशन ब्लोची जागा ही आहे. दुसरा मंत्र सुरू झाला, निम्म्याच्या पुढे गेला की स्टन द्यावा; पाच सेकंद तो गप्प राहतो, आणि तो शुद्धीवर येऊन तिसरा मंत्र बोलू लागेपर्यंत शील्ड बॅश पुन्हा तयार असतो. या एका क्रमामुळे मांत्रिकाला सलग पंधरा-वीस सेकंद एकही मंत्र पुरा करता येत नाही, आणि अंगावर चिलखत नसलेला मांत्रिक तेवढ्या वेळात सहसा आटोपतो.

मंत्र निम्म्याच्या पुढे जाऊ द्यायचा तो यासाठी की त्याने मंत्रावर घालवलेला वेळ आपल्याला फुकट मिळतो, कारण मंत्र टाकत असताना तो शस्त्राने मारत नाही. मात्र शेवटच्या क्षणापर्यंत थांबण्याचा मोह मुंबईत बसून खेळणाऱ्याने आवरावा. आमच्या घरातून युरोपातील सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, रात्री १४० ते १५० मिलिसेकंद असतो. म्हणजे पडद्यावर दिसणारे दृश्य साधारण ७० मिलिसेकंद जुने असते, आपला आदेश पोहोचायला तेवढाच वेळ लागतो, आणि दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला स्वतःला पाव सेकंद लागतो. एकूण जवळजवळ चार दशांश सेकंद हिशेबातून वजा होतात. तीन सेकंदांचा मंत्र असेल तर दोन सेकंद झाले की कळ दाबलेली बरी. मुंबईहून पश्चिमेकडे जाणाऱ्या समुद्राखालच्या अनेक केबली तांबड्या समुद्रातून जातात. २०२४ च्या आरंभी तिथे काही केबली तुटल्या तेव्हा आमचा पिंग काही दिवस दोनशेच्या वर होता आणि माझे स्टन मंत्र पुरा झाल्यावर पोहोचत होते. घरातल्या घरात करण्यासारखी गोष्ट एवढीच, की वायफाय सोडून संगणकाला तार जोडावी. आमच्या इमारतीत प्रत्येक भिंतीपलीकडे एक राउटर आहे आणि क्रिकेटचा सामना असलेल्या रात्री वायफायवरचा पिंग एका सेकंदात १४० वरून ४०० वर उडी मारत असे. तार जोडल्यावर ते थांबले.

दुसरी मोठी अडचण अशी, की कळ दाबली जाते पण काहीच घडत नाही. ही तक्रार ‘इंटरसेप्ट’बद्दल जास्त ऐकू येते. इंटरसेप्ट ३० व्या पातळीला मिळतो, ८ ते २५ यार्डांवरच्या शत्रूवर झेप घेतो, त्याला ३ सेकंद स्टन करतो, १० रेज घेतो आणि ३० सेकंदांनी परत येतो. दूर उभ्या असलेल्या मांत्रिकाला गाठण्यासाठी याच्याइतके चांगले साधन नाही, कारण चार्ज झुंज सुरू झाल्यावर चालत नाही. पण इंटरसेप्टला बर्सर्कर स्टान्स लागतो आणि स्टान्स बदलताना साठलेली सगळी रेज शून्य होते. खेळाडू ४० रेज पाहून निश्चिंत मनाने स्टान्स बदलतो, रेज जाते, मग इंटरसेप्ट दाबतो आणि पडद्यावर रेज अपुरी असल्याचा संदेश येतो. घाईत तो संदेश कोणी वाचत नाही आणि खेळच अडकला अशी समजूत होते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय आर्म्समधील ‘टॅक्टिकल मास्टरी’चा. तिच्या प्रत्येक गुणामागे स्टान्स बदलताना ५ रेज वाचते, पाच गुणांना २५. ती दुसऱ्या ओळीत असल्यामुळे आधी पहिल्या ओळीत पाच गुण घालावे लागतात, म्हणजे एकूण दहा. कन्कशन ब्लोसाठी प्रोटेक्शनमध्ये एकवीस लागतात. चाळिसाव्या पातळीला हातात बरोबर ३१ गुण असतात, तेव्हा दोन्ही एकाच वेळी बसतात आणि माझ्या मते ढालवाल्या एकट्या वॉरियरचा खरा खेळ तिथून सुरू होतो. त्याआधीचा उपाय ‘ब्लडरेज’ हा आहे. थोडा जीव देऊन १० रेज तत्काळ मिळते आणि पुढच्या दहा सेकंदांत आणखी १०. म्हणून आधी स्टान्स बदलावा, मग ब्लडरेज घ्यावा आणि मग इंटरसेप्ट करावा. क्रम उलटा झाला तर ब्लडरेजची रेजही स्टान्सबरोबर वाहून जाते. मी हे उलट्या क्रमाने किती वेळा केले ते वहीत आहे, इथे सांगत नाही.

इंटरसेप्ट करून मांत्रिकाजवळ पोहोचल्यावर आणखी एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. पहिला शत्रू, म्हणजे तो कुऱ्हाडवाला, पाठोपाठ धावत येतो आणि आपल्या पाठीवर घाव घालू लागतो. मागून आलेला घाव ढालीवर घेता येत नाही, शस्त्राने अडवता येत नाही आणि चुकवताही येत नाही. ढालीचे सारे पुण्य तिथे वाया जाते. यासाठी मांत्रिक तीन सेकंद खिळलेला असतानाच त्याच्या आरपार चालत पलीकडे जावे आणि तोंड फिरवावे, म्हणजे दोघेही समोर येतात. स्टनच्या तीन सेकंदांतला एक सेकंद यात जातो आणि तो गेलेला मला कधीच अखरला नाही. त्यानंतर डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये परत येऊन शील्ड बॅश तयार ठेवावा, कारण मांत्रिक शुद्धीवर येताच बोलू लागणार असतो.

आता स्टनवर स्टन देण्याबद्दल. एकाच शत्रूला थोड्या वेळात पुन्हा स्टन दिला तर दुसऱ्याचा कालावधी निम्मा होतो, तिसऱ्याचा पाव होतो आणि चौथा लागतच नाही. शेवटचा स्टन उतरल्यावर साधारण पंधरा ते वीस सेकंद काही दिले नाही तर हा हिशेब पुसला जातो. हा नियम समोरच्या खेळाडूंपुरताच आहे असे अनेकांना वाटते, पण जंगलातल्या शत्रूंनाही तो लागू होतो. कन्कशन ब्लोचे ५ सेकंद संपल्याबरोबर त्याच मांत्रिकावर इंटरसेप्ट केला तर तीनऐवजी दीडच सेकंद मिळतो आणि टॉरेन वंशाच्या खेळाडूने त्यावर ‘वॉर स्टॉम्प’ मारला तर दोनऐवजी अर्धा सेकंद. वॉर स्टॉम्प खरे तर एकट्या शत्रूसाठी नाहीच. तो आठ यार्डांतल्या पाच जणांना लागतो आणि दोन मिनिटांनी मिळतो, म्हणून टॉरेन खेळाडूने तो तीन शत्रूंतून पळ काढण्यासाठीच ठेवावा. माझ्या आधीच्या खेळात मी पहिल्याच झटक्यात सगळे स्टन एकामागोमाग वापरत असे आणि शेवटचे दोन जवळजवळ फुकट जात. आता दोन शत्रू असतील तर इंटरसेप्ट एकाला आणि कन्कशन ब्लो दुसऱ्याला, किंवा दोन्ही एकालाच पण मधे वीस सेकंद जाऊ देऊन, असे करतो.

एका हाताच्या शस्त्राचा वेग २.६ सेकंद असेल तर स्टनच्या पाच सेकंदांत किती घाव बसतील, हेही कळ केव्हा दाबली यावर ठरते. नुकताच घाव घालून झाल्यावर स्टन दिला तर पुढचा घाव २.६ सेकंदांनी बसतो आणि त्याच्या पुढचा ५.२ ला, म्हणजे स्टन उतरल्यावर. हाती एकच लागला. घाव पडण्याच्या किंचित आधी दिला तर एक लगेच, दुसरा २.७ च्या सुमारास, असे दोन मिळतात. स्टनमध्ये असलेला शत्रू घाव चुकवत नाही, अडवत नाही, तेव्हा तो जास्तीचा घाव बहुधा वाया जात नाही. मंत्र तोडायचा असेल तेव्हा हा विचार करत बसू नये, पण मारण्यासाठी स्टन देत असाल तर हाताची लय पाहून द्यावा.

जीव थोडा उरला की माणसासारखे शत्रू पळतात आणि मदत घेऊन येतात. मी त्यांच्यासाठीही स्टन वापरत असे. तो उधळेपणा होता. १० रेजच्या ‘हॅमस्ट्रिंग’ने त्याचा पाय जड होतो आणि ते काम भागते, स्टनची १५ आणि ‘एक्झिक्यूट’ची १५ अशी तीस रेज त्या वेळी एकट्या वॉरियरकडे क्वचितच असते. तसेच स्टन देऊन पट्टी बांधण्याचा मार्गही फारसा फायद्याचा नाही. पट्टीला ८ सेकंद लागतात, मार बसला की ती तुटते आणि तुटली तरी पुढचे मिनिटभर दुसरी बांधता येत नाही, त्यामुळे पाच सेकंदांच्या स्टनमध्ये अर्धीच पट्टी पदरात पडते. पट्टीच बांधायची असेल तर ‘इंटिमिडेटिंग शाउट’ने आठ सेकंद मिळतात, ज्याच्यावर ती टाकली तो जागीच भेदरून उभा राहतो, फक्त आपला आपोआप चालणारा हल्ला आधी थांबवावा, नाहीतर आपल्याच घावाने त्याची भीती उतरू शकते. बाकीचे मात्र सैरावैरा पळतात आणि तळाच्या मध्यभागी ती वापरली तर अख्खा तळ घेऊन परततात.

क्वचित सगळे बरोबर करूनही स्टन लागत नाही. कन्कशन ब्लो हा हातघाईचा घाव असल्यामुळे तो चुकू शकतो, आणि चुकला तरी कूलडाउन सुरू होतोच. शत्रू आपल्यापेक्षा दोन-तीन पातळ्या वरचा असेल तर हे जास्त घडते, म्हणून अशा शत्रूसमोर ज्याच्यावाचून जीव जाईल असे काम स्टनवर सोपवू नये. मोठ्या सरदारांना, म्हणजे बॉसना, स्टन सहसा लागतच नाही.

राहता राहिली बोटाची सवय. वही लिहून आणि हिशेब समजूनही पहिले दोन आठवडे माझे बोट तीनच्या कळीवर आपोआप पडत होते. शेवटी मी तीनवर शील्ड बॅश आणला आणि कन्कशन ब्लो माऊसच्या अंगठ्याजवळच्या बटणावर, शिफ्ट धरल्याशिवाय चालणार नाही असा, नेऊन ठेवला. आता तो देण्यासाठी दोन हातांना एकाच वेळी ठरवावे लागते. पहिल्या रात्री बटण न सापडल्यामुळे मी दोनदा मेलो. तिसऱ्या झुंजीत त्याच ट्रोलांच्या तळाशी मांत्रिकाचा पहिला मंत्र ढालीने तोडला, दुसरा निम्म्यावर येऊ दिला आणि मग शिफ्ट धरून बटण दाबले. तो खाली कोसळला तेव्हा कुऱ्हाडवाला निम्म्याहून जास्त शिल्लक होता आणि माझा जीव एक तृतीयांशाला आला होता, पण कुऱ्हाडवाल्याला बरे करणारे आता मागे कोणी नव्हते. मामेभावाला मी पडद्याचा फोटो पाठवला. त्याचे उत्तर आले, “दादा, मागे बघ, गस्तवाला येतोय.”